ब्रिटनबाहेरून व्हिसा शुल्कमाफी मागताना

कसोट्या दोन, वेगवेगळ्या

ब्रिटनमधल्या जोडीदाराकडे जाण्यासाठी देशाबाहेरून केलेल्या अर्जाचे शुल्क एप्रिल 2025मध्ये 1,938 पौंड झाले. आरोग्य अधिभार वर्षाला 1,035 पौंड, तोही आगाऊ. माफी मागता येते ती कौटुंबिक जीवनाच्या हक्कावर (युरोपीय मानवी हक्क करार, कलम 8) आधारलेल्या अर्जासाठी. या व्हिसासाठीची वार्षिक 29,000 पौंड उत्पन्नाची अट पुरी करणाऱ्याला माफी कशाला, असा आक्षेप निघतो. पण तिथला जोडीदार अपंगत्वाचा किंवा शुश्रूषेचा ठरावीक सरकारी भत्ता घेत असेल, तर ही अट लागत नाही. निर्वाह पुरेसा भागतो का, एवढेच पाहतात. घर चालते, तरी शुल्क परवडत नाही, हे म्हणूनच शक्य आहे. दोघांचीही बँक स्टेटमेंट, भाड्याचे व खर्चाचे पुरावे जोडावेत. माफीचा अर्ज आधी करावा, व्हिसाचा त्यावरील निर्णयानंतर.