कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंच्या कादंबऱ्या

'नॉव्हेल' ह्या वाङ्मयप्रकारास मराठींत कादंबरी हें नांव पडलें तें बाणभट्टाच्या संस्कृत कथेवरून, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. पण त्या कथेचा आरंभ कसा होतो, हें किती जणांस आठवतें? शूद्रक राजाच्या सभेंत एक चांडाळकन्या पिंजऱ्यांतून पोपट घेऊन येते आणि तो पोपट मनुष्यवाणीनें बोलूं लागतो. हा पूर्वजन्मीं कोण होता, ह्याचा उलगडा वाचकास अगदीं अखेरीस होतो. मध्यंतरीं दोन प्रेमकथा आहेत. त्यांपैकीं एकीची नायिका महाश्वेता, अच्छोद सरोवराच्या कांठीं मृत प्रियकराच्या पुनर्भेटीच्या आशेनें तप करीत राहिलेली. रहस्य आणि प्रणय ही जोडी विलायतेहून आली असें समजणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें.

ही महाश्वेता आम्हांस आठवली ती कोल्हापूरच्या डॉ. सुमती क्षेत्रमाडे यांच्यामुळें. १९१३ सालीं जन्मलेल्या सुमतीबाईंचा व्यवसाय वैद्यकीचा; तो सांभाळून त्यांनीं कादंबऱ्या लिहिल्या. 'पांचाली' आणि 'मैथिली' ह्यांची नांवेंच विषय सांगतात. 'महाश्वेता' पुढें दूरदर्शनवर मालिकारूपानें घरोघर पोंचली. तिच्या शीर्षकगीताकरितां कवि ग्रेस यांची कविता घेतली होती; चाल हृदयनाथांची, आवाज लताबाईंचा. तें गीत आज पुष्कळांस मुखोद्गत आहे. मूळ कादंबरी कोणाची, असें विचारलें कीं मात्र त्यांतले बहुतेक गप्प बसतात!

कोल्हापूर म्हणजे कादंबरीचें माहेरघरच. ना. सी. फडके येथें राजाराम कॉलेजांत कित्येक वर्षें अध्यापक होते, वि. स. खांडेकर १९३८ सालीं येथें आले. खांडेकरांस १९७४ चें ज्ञानपीठ पारितोषिक मिळालें, त्यांच्यावर प्रबंध झाले, हें योग्यच झालें. सुमतीबाईंच्या वांट्यास मुख्यत्वें वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावरची लोकप्रियता आली. दुपारीं स्वयंपाकघर आवरल्यावर वाचली जाणारी कादंबरी म्हणजे हलकें वाङ्मय, असा एक समज आपल्या विद्वानांत मुरलेला आहे. तो आम्हांस मान्य नाहीं.

ह्या जातीच्या कादंबऱ्यांत खून कोणी केला हा प्रश्न क्वचितच असतो. घर काय लपवीत आहे, हा असतो. आजारपण कां दडविलें, लग्न कां मोडलें, सासूबाई एका विशिष्ट नांवानें कां दचकतात! डाफ्ने द्यू मोरिए ह्या इंग्रज लेखिकेची 'रेबेका' १९३८ सालीं निघाली; तिच्यांतही वाचकास ओढून नेतें तें एका वाड्याचें मौनच. आणि हें मौन कोणापुढें सुटतें? आपल्याकडे बायका जें नवऱ्यास सांगत नाहींत, आईसही सांगत नाहींत, तें डॉक्टरीणबाईस सांगतात. अगाथा ख्रिस्ती यांनीं १९१४ च्या महायुद्धांत टॉर्कीच्या रुग्णालयांतील औषधशाळेंत काम केलें आणि तेथें मिळालेलें विषांचें ज्ञान १९२० पासून आपल्या पुस्तकांत ओतलें. त्या बाईंना औषधांची बाटली उपयोगी पडली. आमच्याकडच्या लेखिकेस रोग्याशेजारची खुर्ची अधिक उपयोगी पडली असावी, असा आमचा तर्क आहे.

ह्या कादंबऱ्यांच्या वर्गांत योगायोगांची रेलचेल असते आणि अश्रूंचाही सुकाळ असतो, हें आम्हीं नाकारीत नाहीं. पण तो दोष थोर गणलेल्या पुष्कळ पुरुष लेखकांतही आहे. तेथें त्यास भावोत्कटता म्हणतात.

काळजी वेगळीच आहे. हातोहात फिरलेलें पुस्तक आधीं झिजतें. पुठ्ठा जातो, शेवटचीं पानें जातात आणि शेवटीं तें रद्दीच्या तागडींत पडतें. कोल्हापुरांत १८५० पासूनचें करवीर नगर वाचन मंदिर आहे; अन्य गांवींही जुनीं वाचनालयें आहेत. आमच्या वाचकभगिनींनीं येत्या साफसफाईच्या वेळीं माळ्यावरची ट्रंक एकदां उघडावी. आंत आईच्या किंवा मावशीच्या नांवाची 'महाश्वेता' निघाली, तर ती रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं आपल्या गांवच्या ग्रंथपालास दाखवावी, शेवटचीं दोन पानें नसलीं तरीही.