दुकानाची पाटी, जगाच्या वेशीवर

आंगणेवाडीच्या जत्रेतून, गुळाच्या पाकात घोळवलेल्या आणि आल्याचा झणका असलेल्या मालवणी खाज्याची पुडी घेऊन निघालेला चाकरमानी मुंबईस पोचेपर्यंत ती संपवतो, आणि पुन्हा मागवावे म्हटले तर त्या दुकानाचा ठावठिकाणा त्याच्यापाशी नसतो. १९८१ साली स्वतंत्र जिल्हा झालेल्या आणि १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या सिंधुदुर्गातील लहान व्यावसायिकास संकेतस्थळ हवे, ते याचसाठी.

संकेतस्थळास दोन गोष्टी लागतात : नाव आणि जागा. नाव हे खरेदीखत नव्हे, तो मुदतीचा भाडेपट्टा होय; मुदत सरण्यापूर्वी नूतनीकरण न केल्यास ते दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. २०१४ पासून ‘.भारत’ या शेवटासह देवनागरी नावही नोंदवता येते. मात्र नोंद संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या नावे राहिली, तर घर आपले आणि सातबारा परक्याचा, अशी अवस्था होते. जागा म्हणजे सदैव चालू असलेल्या दूरस्थ संगणकावरील भाड्याचे दप्तर.

पानावर मालाचे वजन, दर, टिकण्याची मुदत, अन्नपरवान्याचा १४ अंकी क्रमांक, पत्ता व दूरध्वनी एवढा तपशील असावा. छायाचित्रे हलकी असावीत, म्हणजे क्षीण रेंजमध्येही पान उघडेल.

पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद होते. संकेतस्थळाची ही पाटी मात्र उघडी राहते. म्हणून तिच्यावरील दर गतसालचे ठेवू नका.