पितळेचे पातेले आणि कुकरची शिट्टी

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमारास दवाखान्याचे शटर ओढत होतो, तेवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली. आतून आजी, सूनबाई आणि दोन नातवंडे अशी चौघे उतरली. चौघांनाही उलट्या. ताप नाही, जुलाब नाहीत, पोटात मात्र पिळवटून येत होते. जेवण होऊन जेमतेम पाऊण तास झाला होता. आजींचा मुलगा मागून मोटारसायकलवर आला, तो मात्र ठणठणीत.

अशा वेळी आपण पहिल्यांदा विचारतो, शिळे काय खाल्ले? मीही तेच विचारले. सगळे ताजे होते. भात, चिंचगुळाची आमटी, गवारीची भाजी, पोळ्या. मुलगा उशिरा घरी आला, तोवर आमटी संपली होती, म्हणून तो भाजी-पोळी खाऊन उठला. मग मी विचारले, "आजी, आमटी कशात केली होती?"

"पितळेच्या पातेल्यात. दिवाळीत मुद्दाम घेतलंय. तब्येतीला चांगलं असतं म्हणतात ना?"

"कल्हई केली होती का?"

आजींनी सुनेकडे पाहिले. सूनबाई म्हणाल्या, "दुकानदार म्हणाला, आताच्या नव्या भांड्यांना लागत नाही."

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. चिंच, कोकम, टोमॅटो, लिंबू, ताक असे काही आंबट त्यात पडले आणि शिजले की भांड्यातले तांबे पदार्थात उतरते. ते जास्त झाले की पोट ते लगेच बाहेर फेकते. म्हणून उलट्या एवढ्या लवकर सुरू होतात. आपल्या आज्या-पणज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण त्यासाठी शब्द ठाऊक होता : कळकणे. ताक कळकले, आमटी कळकली, असे म्हणून त्या ती सरळ ओतून टाकत. आणि हे व्हायला भांड्यावर हिरवा थर दिसलाच पाहिजे असे नाही. चिंच लावून लख्ख घासलेले पातेलेसुद्धा कळकवते.

आमटी संपलेली, पातेले घासून पालथे घातलेले. तपासायला पाठवावे असे काही उरले नव्हते, तेव्हा शपथेवर सांगता येणार नाही. पण लक्षणे, वेळ आणि आमटी न खाल्लेला एकटा ठणठणीत माणूस, एवढे पुरावे मला पुरेसे वाटले. मीठ-साखरेचे पाणी घोट घोट देत साडेअकरापर्यंत सगळ्यांना बसवून ठेवले. सकाळपर्यंत सगळी बरी झाली. धाकट्या नातवाने तर दुसऱ्या दिवशी शाळाही बुडवली नाही, याचे त्याला वाईट वाटले असावे.

आम्ही लहान असताना, म्हणजे १९७० च्या दशकात, कल्हईवाला गल्लीत यायचा. जमिनीत खड्डा करून भट्टी पेटवायची, भाता मारायचा, भांडे तापले की नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर निघायचा. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने भांडे आतून फिरवले की क्षणात चांदीसारखे व्हायचे. आम्ही पोरे ते बघायला शाळेची वेळ चुकवत असू. पुढे स्टील आले, पितळ माळ्यावर गेले आणि कल्हईवाल्यांचे पोट दुसऱ्या धंद्यावर गेले. आता मोबाईलवरच्या निरोपांनी पितळ माळ्यावरून खाली आणले आहे, पण कल्हईवाल्याला कोणी परत आणलेले नाही.

पितळेच्या भांड्याला माझी काही हरकत नाही. त्यात उष्णता सारखी पसरते, भाजी तळाला लागत नाही. पण ते पाळायचे असेल तर गाईसारखे पाळावे लागते. कल्हई आतून पिवळी दिसायला लागली की पुन्हा करून घ्यायची. तारेच्या घासणीने घासायचे नाही. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवायचे नाही. फोडणी वेगळ्या पळीत करून वरून घालावी. आणि कल्हई करणाऱ्याला कथील शुद्ध आहे ना, हे जरूर विचारा. शिसे मिसळलेले कथील स्वस्त पडते आणि ते शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. एवढे जमणार नसेल तर स्टीलचे जाड बुडाचे पातेले घ्यावे आणि निश्चिंत असावे. स्टीलमध्ये शिजवलेली आमटी कुणाला बाधल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

तांब्याच्या तांब्यात रात्रभर ठेवलेले साधे पाणी पिण्यात काही वावगे नाही. त्यात लिंबू पिळू नये, सरबत किंवा ताक ठेवू नये, इतकेच.

आता लोखंडाकडे येतो, कारण मला खरी हळहळ वाटते ती लोखंडी कढईबद्दल. बारावीतली एक मुलगी आईबरोबर आली होती. जिना चढताना धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही. हिमोग्लोबिन निघाले साडेसात. गोळ्या दिल्या, जंताचे औषध दिले आणि घरच्या भांड्यांची चौकशी केली. लोखंडी कढई होती, सासूबाईंच्या वेळची. पण भाजी काळी पडते म्हणून ती बागेत कुंडीखाली ठेवली होती! २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आणि आपण कढई कुंडीखाली ठेवतो.

लोखंडी कढईत शिजलेल्या भाजीत लोह उतरते. भाजी ओलसर आणि किंचित आंबट असेल, जरा जास्त वेळ शिजली असेल, तर अधिक उतरते. म्हणजे जो गुण पितळेत दोष ठरतो, तो लोखंडात उपयोगी पडतो. भाजी काळसर होते ती त्यानेच. त्याने अपाय होत नाही. मात्र झाल्यावर ती लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर चव लोखंडी होते. कढई धुतल्यावर पुसून तेलाचे बोट फिरवून ठेवली की गंजत नाही. वर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. पण एक सांगून ठेवतो : साडेसात हिमोग्लोबिन कढईने भरून निघत नाही. त्या मुलीला गोळ्या चार महिने घ्याव्याच लागल्या. कढई ही पुढची तजवीज आहे. आणि घरात थॅलेसेमियाचे, वारंवार रक्त चढवावे लागणारे मूल असेल, तर त्याच्यासाठी लोखंडी भांडे वापरू नये.

जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यांबद्दल लोक फार घाबरून विचारतात. त्याने विसरभोळेपणाचा आजार होतो हे सिद्ध झालेले नाही. आंबट पदार्थ त्यात शिजवू नयेत, साठवू नयेत. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ती टाळावीत. बाकी दूध तापवायला, पाणी गरम करायला चालतील. नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नये, फार तापला तर त्याचा धूर बाधतो. खरवडला गेला की सरळ बदलावा. त्यावर घावन निघेनासे झाले की घरातल्या बायकांना ते डॉक्टरच्या आधी कळते.

धातूंची चर्चा घरोघर चालते, पण माझ्या दवाखान्यात स्वयंपाकघरातून जे रुग्ण येतात त्यांत पितळेचे असे एखादे घर क्वचितच. पोळलेली, भाजलेली माणसे मात्र दर महिन्याला येतात, आणि त्यांत कुकरचा वाटा मोठा असतो. त्यातले एक उदाहरण आमच्याच घरचे आहे.

आमच्या लग्नाला तीन-चार वर्षे झाली असतील. दवाखाना खाली, घर वर. कुकरची रबरी रिंग सैल झाली होती, वाफ बाजूने जायची, शिट्टी कधी व्हायची, कधी नाही. सौ.ने मला तीनदा सांगितले होते, नवी रिंग आणा म्हणून. तिने लिहून दिलेली चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात होती. त्या दिवशी तुरीची डाळ नेहमीपेक्षा जास्त लावलेली. शिट्टी झाली नाही, म्हणजे वाफ धरलीच नाही, असे समजून तिने जोर लावून झाकण फिरवले. वाफेच्या नळीत डाळीचे साल अडकले होते आणि आत वाफ कोंडलेली होती. उकळती डाळ मनगटापासून कोपरापर्यंत उडाली.

मी जिना चढून वर पोचेपर्यंत आईने तिच्या हाताला टूथपेस्ट फासली होती. डॉक्टरच्या घरात! बांगड्या तशाच हातात. पेस्ट धुऊन काढण्यात आणि फुगत चाललेल्या हातातून बांगड्या काढण्यात जे झाले ते मी लिहीत नाही. जखम भरायला तीन आठवडे गेले. डाग अजून आहे. पोळी लाटताना तो दिसतो आणि मी ताटाकडे बघतो.

म्हणून सांगतो. पोळले की पहिली गोष्ट म्हणजे नळाखाली हात, पूर्ण वीस मिनिटे, घड्याळ लावून. बर्फ नको. त्याच वेळी बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून टाका, कारण सूज नंतर चढते. हळद, शाई, टूथपेस्ट, तूप, बटाट्याचा कीस, यातले काही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ ओलसर फडके सैल गुंडाळा आणि डॉक्टरकडे या. चेहरा भाजला असेल, किंवा लहान मूल असेल, तर भाजलेली जागा लहान दिसली तरी या.

कुकर ही वस्तू मुळात वाईट नाही. १६७९ मध्ये डेनिस पॅपिन या फ्रेंच गृहस्थाने तो लंडनमध्ये दाखवला, आणि हा पॅपिन शिकलेला होता वैद्यक. वाफ बाहेर पडायला झडपही त्यानेच बसवली. म्हणजे धोका त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. आत कोंडलेल्या वाफेमुळे पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापते, डाळ लवकर शिजते, गॅस वाचतो आणि शिजायचा वेळ कमी झाल्यामुळे जीवनसत्त्वेही कमी जातात. डाळीत सोडा घालायची गरज राहत नाही. सोड्याने ब जीवनसत्त्व नासते ते नासतेच.

फक्त झाकण लावण्याआधी वाफेची नळी उजेडाकडे धरून तिच्यातून आरपार पाहावे. दोन सेकंदांचे काम आहे. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, डाळ असेल तर निम्माच. डाळीत चमचाभर तेल टाकले की फेस कमी येतो. रिंग वर्षातून एकदा बदलावी, ती फाटण्याची वाट पाहू नये. शिट्टी उचलून वाफ येत नाही याची खात्री झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नये, आणि ते अडले तर जोर मुळीच लावू नये.

तेल-मिठाबद्दल मी रुग्णांना पथ्याचा कागद देणे सोडून दिले आहे. किती मीठ खाता, असे विचारले की प्रत्येक जण "कमीच" म्हणतो. आता विचारतो, एक किलोची पुडी किती दिवस जाते? माणशी दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा धरली, तर पाच माणसांच्या घरात ती चाळीस दिवस जायला हवी. बहुतेक घरांत पंचवीस दिवसही जात नाही, आणि लोणचे, पापड, फरसाणातले मीठ त्यात धरलेलेच नसते. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, फार तर पाऊण. तळणीचे उरलेले तेल एकदा फोडणीला वापरावे आणि संपवावे. काळे, दाट झालेले आणि लवकर धुरावणारे तेल पुन्हा कढईत ओतू नये.

जाता जाता फोडणीच्या भाताबद्दल. हा माझा आवडता पदार्थ आहे, तेव्हा वैर काही नाही. शिजलेल्या भातात काही जंतूंची बीजे टिकून राहतात. तो भात उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात. ते विष फोडणीत परतल्याने मरत नाही. भात कितीही वाफाळता असला तरी. म्हणून उरलेला भात जेवणे उरकल्यावर तासाभरात पसरट ताटलीत मोकळा करून, निवाला की झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवावा. फ्रिज नसेल तर एप्रिल-मे महिन्यांत भात मोजूनच लावावा. आमच्याकडे सौ. हल्ली मुद्दाम वाटीभर तांदूळ जास्त लावते, आणि ताटली फ्रिजमध्ये ठेवायचे काम माझ्याकडे आहे. तेवढे मी विसरत नाही.