वाहन चालविण्याचा परवाना : तयारी कशी करावी?

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी भागातील अनेक तरुण चालकाची नोकरी हे पोटापाण्याचे साधन मानतात. परंतु परवाना म्हणजे दलालाला पैसे देऊन आणायचा कागद, असा समज रूढ झाला आहे. तो घातक आहे. परीक्षेचे दोन टप्पे समजून घेतल्यास दलालाची गरजच राहत नाही.

पहिला टप्पा शिकाऊ परवान्याचा. मोटार किंवा गियरच्या दुचाकीसाठी वयाची 18 वर्षे पूर्ण हवीत. संगणकावर मराठीतूनही प्रश्न सोडविता येतात. किमान 60 टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. वाहतूक चिन्हे पाठ करण्यापेक्षा त्यांचे आकार ओळखावेत. तांबड्या काठाचे गोल चिन्ह बहुधा मनाई किंवा मर्यादा सांगते, निळे गोल सक्ती, त्रिकोणी पुढील धोका, तर चौकोनी माहिती. 2021 मध्ये ही परीक्षा घरबसल्या देण्याची सोय झाली. तेथे आपल्या जागी दुसऱ्याला बसविणारा स्वतःलाच फसवितो.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष चाचणीचा. शिकाऊ परवाना 6 महिने चालतो व 30 दिवसांनंतरच चाचणी देता येते. हे दिवस सरावाचे आहेत. गाडीला पुढे-मागे 'एल' अक्षर लावावे, मोटार शिकताना शेजारी परवानाधारक शिक्षक असावा. आरसे पाहणे, हाताचे इशारे देणे, चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता पुढे काढणे व गाडी मागे घेणे, यांचा कसून सराव करावा. नापास झाल्यास 7 दिवसांनी पुन्हा संधी मिळते; तीनदा नापास झाल्यास 60 दिवस थांबावे लागते.

रोजगारासाठीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. व्यावसायिक वाहनासाठी असलेली आठवी उत्तीर्णची अट 2019 साली रद्द झाली. तसेच एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले. मोठ्या ट्रक-बससाठी मात्र वय 20 वर्षे व हलक्या वाहनाच्या परवान्याला एक वर्ष पूर्ण असावे लागते.

2022 पासून आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग सुरू आहे. तेथे ताशी 120 किलोमीटर वेगाने मोटारी धावतात. अशा रस्त्यावर न शिकता मिळविलेला परवाना कोणाचाही जीव वाचवीत नाही. म्हणून परवानाधारक बांधवांनी आठवड्यातून एक सायंकाळ समाजमंदिरात बसून तरुणांना व भगिनींना नियम व चिन्हे शिकवावीत. त्यात खर्च नाही, फायदा मात्र साऱ्या वस्तीचा आहे.