नवं ग्राफिक्स कार्ड बाजारात आलं, पहिल्याच दिवशी घ्यायचं का?

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. माझा भाचा रात्री साडेदहाला घरी आला आणि चपला काढता काढताच म्हणाला, "खाला, अब्बांना तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतात ते." मुलगा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, फावल्या वेळात थ्रीडी शिकतो, आणि गेम खेळतो हेही खरं. त्याला आरटीएक्स ५०८० नावाचं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. ३० जानेवारीला विक्री सुरू होणार, किंमत १ लाख ७ हजार. दुल्हेभाईंनी सव्वा लाख बाजूला ठेवले होते खरे, पण ते घराच्या छपरासाठी. पावसाळ्याआधी जुनी कौलं उतरवून पत्रे घालायचे होते.

मी शाळेत गणित-विज्ञान शिकवते, कॉम्प्युटर रूमची चावीही माझ्याकडेच असते, म्हणून आमच्या घरात अशा बाबतीत मशवरा माझ्याकडे येतो. त्या रात्रीपासून पुढचे काही महिने या विषयात जे वाचलं, तपासलं, ते इथे मांडते. कारण हा हट्ट एका घरापुरता नाही. दर दोन वर्षांनी नवी मालिका येते आणि कुणाच्या ना कुणाच्या घरी हाच वाद होतो.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरमधला चित्रं काढणारा वेगळा कारागीर. प्रोसेसर एकेक काम झपाट्याने करतो, तर कार्डात हजारो छोटे कामगार एकाच वेळी राबतात. गेम, थ्रीडी चित्रं, व्हिडिओ आणि आता एआय, ही सगळी अशीच वाटून करता येणारी कामं आहेत. त्यामुळे कार्ड ही नुसती शौकाची चीज राहिलेली नाही. कित्येक मुलांची त्यावर कमाई आहे, आणि म्हणूनच "काय ते गेमचं खूळ" म्हणून विषय उडवून लावणंही बरोबर नाही.

आता घोषणेकडे या. एनव्हिडिया कंपनीने लास वेगासच्या कार्यक्रमात ही मालिका दाखवली तेव्हा आपल्याकडे ७ जानेवारीची सकाळ होती. मंचावरून सांगितलं गेलं की ५४९ डॉलरचं नवं ५०७० हे जुन्या १५९९ डॉलरच्या ४०९० इतकी कामगिरी देईल. माझ्या भाच्याच्या डोक्यात हेच वाक्य बसलं होतं. ५०७० जर एवढं, तर ५०८० केवढं!

यातली मेख समजून घ्या. गेममधलं चित्र म्हणजे एका सेकंदात भराभर दाखवलेल्या अनेक फ्रेम. नव्या मालिकेत अशी सोय आहे की कार्ड एक फ्रेम खरोखर तयार करतं आणि एआयच्या मदतीने तीनपर्यंत फ्रेम अंदाजाने भरतं. म्हणजे पडद्यावरच्या चारपैकी तीन फ्रेम भरतीच्या. चित्र गुळगुळीत दिसतं, नाही असं नाही. पण तुम्ही बटण दाबल्यावर गेमने दिलेला प्रतिसाद मात्र खऱ्या फ्रेमच्या वेगानेच येतो. आणि थ्रीडी रेंडर किंवा व्हिडिओ एडिटिंगमध्ये या भरतीचा काडीचा उपयोग नाही. तिथे कामगार किती आणि मेमरी किती, एवढंच चालतं. परीक्षेत चार पानं लिहून एकाच पानावर उत्तर असलं तर आम्ही गुण एकाच पानाचे देतो. तसंच हे.

मग खरी वाढ किती होती? ५०८० मध्ये कामगार, म्हणजे कोअर, १०,७५२. त्याच्या आधीच्या ४०८० सुपरमध्ये १०,२४०. फरक पाच टक्के. मेमरी दोन्हीकडे १६ जीबी, फक्त नव्यातली जास्त वेगवान. चिप बनवण्याची पद्धतही त्याच पिढीची. स्वतंत्र चाचण्या आल्या तेव्हा वाढ साधारण दहा ते पंधरा टक्क्यांची निघाली. या चाचण्या प्रसिद्ध कधी झाल्या? विक्रीच्या आदल्या दिवशी. कंपनी परीक्षकांना कार्ड आधी देते, पण ठरलेल्या वेळेपर्यंत बोलायला मनाई असते. म्हणजे पहिल्या तासात घ्यायचं ठरवलेल्या माणसाला वाचायला एक रात्र मिळते. लाखाच्या वस्तूसाठी एक रात्र! बकरा घ्यायलासुद्धा आपण चार बाजार फिरतो.

किमतीचं गणित मुलांनाही करायला सांगा, सोपं आहे. अमेरिकेत ५०८० ची किंमत ९९९ डॉलर, आणि तिथली जाहीर किंमत कराशिवाय असते. तेव्हा डॉलर होता ८६ रुपयांच्या आसपास. गुणाकार केला की ८६ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले एक लाख एक हजारांच्या वर. उरलेले पाच-सहा हजार आयात, वितरक, दुकानदार यांचे. म्हणजे जाहीर १ लाख ७ हजार हा आकडा तसा अवाजवी नव्हता. अडचण अशी की त्या किमतीत माल मिळतो किती जणांना? पहिला साठा जगभर थोडाच होता आणि झटकन संपला. मग वेगवेगळ्या कंपन्यांच्या जादा पंख्यांच्या, जादा दिव्यांच्या आवृत्त्या उरतात आणि त्यांचे भाव चढलेले असतात. आमच्या भाच्याला एका दुकानदाराने फोनवर सांगितलं की कार्ड आहे, पण सोबत पॉवर सप्लाय आणि कॅबिनेटही घ्यावं लागेल. दुकानाचं नाव सोडा, ही तऱ्हा बऱ्याच ठिकाणी चालते.

इथे आपल्या घरांमध्ये एक विचार हमखास येतो: मामू दुबईत आहेत, त्यांच्याकडून मागवू. तिथे व्हॅट ५ टक्के, त्यामुळे भाव कधी कधी खरंच कमी असतो. पण घेण्याआधी त्या ब्रँडच्या भारतातल्या सर्व्हिस सेंटरला विचारा की तिकडच्या बिलावर इथे वॉरंटी चालेल का. अनेक कंपन्यांची वॉरंटी देशाला बांधलेली असते. इथे घेतलेल्या कार्डावर सहसा तीन वर्षांची वॉरंटी मिळते, ती सोडून चार-पाच हजार वाचवण्यात अर्थ नाही. शिवाय सामानाच्या मोफत मर्यादेवर किंमत गेली की कस्टम भरावं लागतं. आणि ते कोणाला? बिचाऱ्या मामूला.

पहिल्या दिवशी घेणाऱ्याच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे न सापडलेले दोष. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०९० आलं आणि महिना संपायच्या आत काही ग्राहकांकडे वीज देणाऱ्या नव्या पद्धतीच्या प्लगचं प्लास्टिक वितळल्याची प्रकरणं पुढे आली. प्लग शेवटपर्यंत नीट न बसणं हे त्याचं एक मुख्य कारण असल्याचं कंपनीने सांगितलं आणि पुढे त्या प्लगची रचना बदलण्यात आली. आमच्या वेळी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, दुसरंच निघालं. नव्या मालिकेतल्या काही कार्डांत चित्र अंतिम स्वरूपात उतरवणारे काही भाग कारखान्यातूनच कमी आले होते. कंपनीने ते मान्य केलं, प्रमाण अर्धा टक्का आणि कामगिरीतली घट सरासरी चार टक्के सांगितली, बदलूनही दिली. जीपीयू-झेड नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये आरओपी या रकान्यात ५०८० ला ११२ दिसायला हवेत, दोषी कार्डांत १०४ दिसत होते. पण बघेल तोच ओळखेल. ज्यांनी बघितलंच नाही, ते आजही खुशीत असतील. स्क्रीन अचानक काळी पडण्याचे प्रकार वेगळेच, त्यासाठी ड्रायव्हरच्या दुरुस्त्या एकामागून एक येत राहिल्या.

मी भाच्याला विचारलं, "तुझा पॉवर सप्लाय किती वॅटचा?" म्हणाला, ६५०. ५०८० एकटं ३६० वॅटपर्यंत ओढतं आणि कंपनी ८५० वॅटचा सप्लाय सुचवते. सर्वांत मोठ्या ५०९० ला तर ५७५ वॅट लागतात, सप्लाय १००० वॅटचा. त्याच्या टेबलाखाली यूपीएस होता ६०० व्हीएचा. आपल्याकडे घराघरात हाच असतो, आणि तो साधारण ३६० वॅटच पेलतो. म्हणजे आमच्या कोकणात वीज गेली, आणि ती जातेच, की रेंडर चालू असताना यूपीएस त्या क्षणी हात वर करणार. कॅबिनेटमध्ये कार्ड मावेल का हेही मोजावं लागतं, कारण बरीच मोठी कार्डं ३०० मिलिमीटरपेक्षा लांब असतात. सप्लाय, यूपीएस, कॅबिनेट धरून १ लाख ७ हजारांची गोष्ट सव्वा लाखाच्या पुढे गेली. छपराचे सगळे पैसे संपले, वर उधारी.

भाचा म्हणाला, मग हप्त्यावर घेतो, नो कॉस्ट ईएमआय आहे. त्यात व्याज नसतं असा आपल्यापैकी बऱ्याच जणांचा समज आहे. प्रत्यक्षात बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम विक्रेता सवलत म्हणून आधी वजा करतो, इतकंच. बिलात व्याजाचा आकडा वेगळा छापलेला असतो, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आपल्याच खिशातून जातो, प्रोसेसिंग फी असली तर तीही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वातच नाही. ज्यांना व्याजापासून लांब राहायचं आहे त्यांनी हे कागद बघूनच काय ते ठरवावं, दीनी बाजू आपल्या आलिमांना विचारावी. दुल्हेभाईंनी विचारण्याआधीच नाही म्हटलं.

तर मग थांबावंच का? इथे मला घाईने हो म्हणवत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ४०८० आलं ११९९ डॉलरला. जे चौदा महिने थांबले त्यांना जानेवारी २०२४ मध्ये ४०८० सुपर ९९९ ला मिळालं. थांबणारे जिंकले. पण सप्टेंबर २०२० मध्ये ६९९ डॉलरला आलेलं ३०८० ज्यांना पहिल्या दिवशी मिळालं, तेच नशीबवान ठरले. पुढे लॉकडाऊनमधली मागणी, चिपचा तुटवडा आणि इथेरियमचं मायनिंग यामुळे तेच कार्ड २०२१ मध्ये दुपटीच्या वर विकलं जात होतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं, तेव्हा कुठे बाजार सैल पडला. ४०९० तर शेवटपर्यंत स्वस्त झालंच नाही. आणि २०२५ च्या अखेरीस एआयच्या मागणीने मेमरी चिप महागल्या. तेव्हा "थांबा, उतरेल" हा नियम नाही.

माझं मत असं. कार्ड ज्या दिवशी लागेल त्या दिवसापासून पैसे कमावून देणार असेल, उदाहरणार्थ रेंडरची ऑर्डर हातात आहे किंवा ५०९० ची ३२ जीबी मेमरी नसेल तर काम उघडतच नाही, आणि किंमत जाहीर किमतीएवढीच आहे, तर पहिल्या दिवशी घ्यायला हरकत नाही. बाकीच्यांनी निदान दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. चाचण्या येतात, दोष उघडे पडतात, धाकटी कार्डं येतात. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, कारण कंपन्या महागडं कार्ड आधी आणतात आणि बहुतेकांच्या कामाचं नंतर. जुनं कार्ड मात्र नवं हातात येईपर्यंत विकू नका. २०२० मध्ये घोषणा ऐकून २०८० टीआय घाईघाईने स्वस्तात विकणारे कितीतरी जण नंतर दोन्हीकडून गेले.

भाच्याला शेवटी मी एकच विचारलं: काम नक्की कुठे अडतं? त्याचं अडत होतं एका जागी. ज्या फोटोग्राफरसाठी तो एडिट करतो, त्यांचे नवे कॅमेरे रंगाची जादा माहिती साठवणाऱ्या प्रकारात शूट करतात, त्याला ४:२:२ म्हणतात. त्याच्या जुन्या ३०६० ला हा प्रकार उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि व्हिडिओ अडखळतो. इंटेलच्या अनेक प्रोसेसरना यातलं बरंच आधीपासून जमतं, पण याचा प्रोसेसर एएमडीचा. नव्या मालिकेत ही सोय पहिल्यांदा आली, आणि ती ५०८० पुरती नाही, धाकट्या कार्डांतही तीच आहे. शिवाय एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा आधार यायलाही वेळ लागला. जानेवारीत कार्ड आणलं असतं तर ते त्या कामासाठी नुसतं बसून राहिलं असतं.

तोपर्यंत त्याने प्रॉक्सी बनवून काम केलं, म्हणजे मूळ व्हिडिओच्या हलक्या प्रती काढून त्यावर एडिटिंग. वेळ जातो, पण खर्च शून्य. १६ एप्रिलला ५०६० टीआय आलं, त्याच्या १६ जीबीच्या आवृत्तीला १८० वॅट पुरतात, जुना ६५० चा सप्लाय चालला. लग्नसराईच्या कमाईतून जूनमध्ये त्याने ते घेतलं, ५०८० च्या निम्म्या किमतीच्या आत. यूपीएस मात्र बदलून ११०० व्हीएचा घ्यावा लागला. गेममध्ये ते ५०८० च्या जवळपासही नाही, हे तो अजून ऐकवतो.

छपराचे पत्रे मे महिन्यात पडले. कार्ड लावलं त्या रात्री पाऊस असा होता की पत्र्यांच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. भाच्याने जीपीयू-झेड उघडून आरओपीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि ओरडून सांगितलं, "खाला, अठ्ठेचाळीस! पूर्ण आहेत!"