माहितीपट : पाहावा कसा, ऐकावा कसा

प्रास्ताविक

लेख, चरित्र, वृत्तांत या गद्यप्रकारांचा अभ्यास करताना आपण तीन प्रश्न विचारतो : काय सांगितले आहे, कोणी सांगितले आहे आणि कोणत्या भाषेत सांगितले आहे. माहितीपटालाही हेच प्रश्न विचारायला हवेत. चित्र डोळ्यांसमोर असल्यामुळे ते खरेच असणार, असा आपला समज होतो. त्या चित्राचा अर्थ लावून देणारी भाषा मात्र नकळत कानांवरून निघून जाते. प्रस्तुत घटकात विज्ञान, इतिहास, आरोग्य आणि शेती या विषयांवरील काही माहितीपटांची शिफारस केली आहे. ते पाहताना भाषेकडे लक्ष कसे द्यावे, हे समजून घेणे हा या घटकाचा हेतू आहे.

१. संज्ञा आणि प्रारंभ

मराठीत ‘अनुबोधपट’ व ‘माहितीपट’ या दोन्ही संज्ञा रूढ आहेत. पहिलीत उपदेशाची छटा आहे, दुसरीत तटस्थतेची. प्रत्यक्षात माहितीपट पूर्णतः तटस्थ नसतो. स्कॉटिश दिग्दर्शक जॉन ग्रिअर्सन यांनी त्याला वास्तवाची सर्जनशील मांडणी मानले. या व्याख्येतील ‘मांडणी’ हा शब्द आपण विशेष लक्षात ठेवावा. काय दाखवायचे, काय वगळायचे आणि कोणाला बोलू द्यायचे, हे कोणीतरी ठरवलेले असते.

महाराष्ट्रात या प्रकाराची बीजे फार लवकर रुजली. सावे दादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी, १९१२ मध्ये, ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला. कुंडीतील वाटाण्याचे रोप वाढत असताना ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपल्यामुळे अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. त्यातील प्रत्येक चित्र खरे होते. त्यांतून दिसणारा वेग मात्र मांडणीतून आला होता.

२. विज्ञान

चंदिता मुखर्जी यांची ‘भारत की छाप’ ही तेरा भागांची हिंदी मालिका १९८९ मध्ये दूरदर्शनवर प्रसारित झाली. भारतातील विज्ञान व तंत्रज्ञानाचा इतिहास हा तिचा विषय आहे. जयंत नारळीकर यांनी दूरदर्शनवर सादर केलेली ‘ब्रह्मांड’ ही खगोलशास्त्रावरील मालिकाही पाहण्याजोगी आहे. या मालिका पाहताना पारिभाषिक शब्दांची नोंद ठेवावी. अवघड संज्ञा आली की पुढे उपमा येते, उदाहरण येते की नुसती व्याख्या, हे तपासावे. परिभाषा सुबोध कशी करावी, याचा तो उत्तम पाठ ठरेल.

३. इतिहास

विठ्ठलभाई झवेरी यांचा ‘महात्मा’ (१९६८) हा पाच तासांहून अधिक लांबीचा माहितीपट गांधी स्मारक निधीने फिल्म्स डिव्हिजनच्या सहकार्याने तयार केला. गांधीजींची कथा त्यात बव्हंशी त्यांच्याच शब्दांत सांगितली आहे. आवाज मात्र निवेदकाचा आहे. प्रथमपुरुषी ‘मी’ आणि बोलणारी व्यक्ती यांच्यात पडलेले हे अंतर अभ्यासकाने ओळखावे.

आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) मध्ये निवेदनापेक्षा शाहिरीला अधिक वाव आहे. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईतील रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या पोलीस गोळीबारात दहा जण ठार झाले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. चौदा वर्षे चाललेल्या चित्रणातून हा माहितीपट साकारला. मराठीच्या विद्यार्थ्यासाठी तो लोकगीत, जलसा आणि बोली यांचे जिवंत दफ्तरच आहे.

४. आरोग्य

दीपा धनराज यांचा ‘समथिंग लाइक अ वॉर’ (१९९१) कुटुंबनियोजन मोहिमेतील स्त्रियांच्या नसबंदीविषयी आहे. त्यात एकीकडे शस्त्रक्रियांचे आकडे आणि उद्दिष्टे यांची भाषा ऐकू येते, तर दुसरीकडे स्त्रिया आपल्या शरीराविषयी आपल्या शब्दांत बोलतात. विषय एकच असूनही पहिल्या भाषेत स्त्री ही संख्या होते, दुसरीत ती व्यक्ती राहते.

५. कापूस आणि आपली बोली

वर्धा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना पुढील तीन माहितीपट विशेष जवळचे वाटतील : दीपा भाटिया यांचा पी. साईनाथ यांच्या पत्रकारितेवरील ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९), नंदन सक्सेना व कविता बहल यांचा ‘कॉटन फॉर माय श्राउड’ (२०११) आणि मिका पेलेड यांचा ‘बिटर सीड्स’ (२०११). विदर्भातील कापूस उत्पादकांच्या आत्महत्या हा तिन्हींचा विषय. ‘बिटर सीड्स’ शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात घडतो. पत्रकार होऊ इच्छिणारी, स्वतःचे वडील आत्महत्येत गमावलेली एक तरुणी त्यात गावकऱ्यांना प्रश्न विचारते. ती त्यांच्याच भाषेत विचारते, म्हणून उत्तरेही वेगळी येतात.

बाहेरच्या प्रेक्षकापर्यंत मात्र ही उत्तरे इंग्रजी सबटायटलमधून पोहोचतात. आपण ‘पऱ्हाटी’ म्हणतो तेव्हा शेतातले झाड डोळ्यांपुढे येते, ‘कापूस’ म्हणतो तेव्हा वेचलेले पीक. इंग्रजीत दोहोंसाठी सहसा ‘कॉटन’ हा एकच शब्द वापरला जातो. ‘कास्तकार’ या शब्दाला आपल्याकडे जी प्रतिष्ठा आहे, ती ‘फार्मर’मध्ये उतरत नाही. ‘मले’, ‘काऊन’ ही रूपे तर भाषांतरात पुसलीच जातात. आपला जिल्हा, आपला प्रदेश जगाला बव्हंशी इतरांनी केलेल्या चित्रणातून माहीत होतो. म्हणून पडद्यावरचे मूळ वाक्य ऐकून समजणाऱ्या प्रेक्षकावर अधिक जबाबदारी येते. काय गळाले, हे तोच सांगू शकतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. परंतु बीटी बियाणे आणि आत्महत्या यांच्या कार्यकारणसंबंधाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. कर्ज, कोरडवाहू शेती, पावसाचा लहरीपणा आणि बाजारभाव यांचाही विचार करावा लागतो. माहितीपटातील साक्ष मोलाची असते, पण निष्कर्ष स्वतंत्रपणे पडताळावा लागतो. प्रेक्षकाची सहानुभूती जागी झाली म्हणून त्याची चिकित्सा झोपी जाऊ नये.

६. सारांश

माहितीपट हा वास्तवाविषयीचा युक्तिवाद असतो. निवेदकाचा आवाज, बोलणाऱ्यांची बोली, भाषांतर आणि मौन या चार गोष्टी ऐकल्याशिवाय तो पूर्ण पाहिला असे म्हणता येत नाही.

स्वाध्याय

१. वरीलपैकी एका माहितीपटाचा दहा मिनिटांचा भाग प्रथम आवाज बंद करून व नंतर आवाजासह पाहा. अर्थात पडलेला फरक दीडशे शब्दांत लिहा.

२. वऱ्हाडी बोलीतील पाच वाक्ये व त्यांचे इंग्रजी सबटायटल उतरवून घ्या. भाषांतरात काय गळाले, ते सोदाहरण स्पष्ट करा.

३. सेवाग्राम येथील बापू कुटी किंवा वर्ध्यातील मगन संग्रहालय पाहून त्यावरील पाच मिनिटांच्या माहितीपटाचे निवेदन मराठीत लिहा. निवेदक कोण असेल आणि तोच का, हे प्रारंभी नमूद करा.