सुभेदारांची पेन्शन

२ फेब्रुवारी हा सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. १९१३ साली या दिवशी त्यांनी मुंबईत शेवटचा श्वास घेतला. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपल्या वस्त्यांतून भाषणे होतात. त्यांत बाबासाहेबांच्या वडिलांच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते, की ते लष्करात सुभेदार होते. वाक्य खरे आहे. पण लष्करातून निवृत्त झाल्यावर हा माणूस जवळजवळ एकोणीस वर्षे जगला आणि ती वर्षे त्याने कशी काढली, हे कष्टकरी घरातल्या प्रत्येक आईबापाने समजून घेण्यासारखे आहे.

आमच्या वरणगावात आयुध निर्माणी आहे, शेजारी भुसावळला रेल्वे आहे. सैन्यातून, नौदलातून परत आलेली मंडळी आमच्यात आहेत. नौदलातला नाविक पंधरा वर्षांची नोकरी करून घरी येतो तेव्हा केस काळेच असतात आणि मुले तिसरी-चौथीत असतात. पेन्शन सुरू होते. पुढे काय, हा प्रश्न त्याला पडतो आणि त्याच्या बायकोला त्याच्याहून आधी पडतो. आम्ही पेशाने कारकून, त्यामुळे कोणाच्याही आयुष्याकडे जमाखर्चाच्या वहीसारखे बघायची खोड लागली आहे. सुभेदारांच्या आयुष्याची वही उघडली तर त्यांनी या प्रश्नाचे काय केले ते दिसते.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. जन्म १८४८ चा. वडील मालोजी लष्करात होते. त्या काळी गावच्या शाळेची पायरी आपल्या मुलांना बंद होती, पण पलटणीत शिपायांच्या मुलामुलींसाठी शाळा असत. रामजी तिथे शिकले, पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिले. म्हणजे हातात बंदूक कमी आणि खडू जास्त. पत्नी भीमाबाई मुरबाडच्या, त्याही लष्करी घराण्यातल्या. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे चौदावे अपत्य जन्मले, ते भीमराव. चौदांतली बरीच लहानपणीच गेली होती.

१८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती थांबवली. सुभेदारांची स्वतःची नोकरी त्यामुळे गेली नव्हती. पण हे दार बंद झाले म्हणजे पगार गेला, पलटणीची शाळा गेली आणि पेन्शनही गेली, हे त्यांना कळत होते. ते न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे गेले, त्यांच्याकडून सरकारला पाठवायचा अर्ज लिहून घेतला. त्यातून काही हाती आले नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, महारांची एक पलटण उभी राहिली, ती १९२१ ला मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. स्वतःचे भागले असताना मागून येणाऱ्यांसाठी अर्ज घेऊन हिंडणारे पेन्शनर आजही थोडेच असतात.

१८९४ ला ते निवृत्त झाले. दापोलीला काही दिवस काढले, मग साताऱ्यात नोकरी धरली. तिथेच १८९६ साली भीमाबाई गेल्या. पदरात लहान मुले. सुभेदारांची बहीण मीराबाई पाठीने अधू होती, तिने मुलांना सांभाळले. पुढे सुभेदारांनी दुसरे लग्न केले. छोट्या भीमाला ते मुळीच आवडले नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून तो चिडला, आपण मुंबईला जाऊन गिरणीत काम करू आणि स्वतःच्या पायावर उभे राहू असे ठरवून बसला. गाडीभाड्यासाठी त्याने आत्याच्या कमरेची पिशवी पळवली, तर आत फक्त अर्धा आणा निघाला. ही हकीकत आपल्याकडे सांगताना लोक दबकतात. आम्हाला त्यात दबकण्यासारखे काही दिसत नाही. घर म्हटले की रुसवे आलेच. आणि पिशवीत अर्धाच आणा होता, यावरून सुभेदाराच्या घरात पैशाची काय स्थिती होती तेही कळते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते.

त्यानंतर सुभेदारांना गोरेगावी रोखपालाची नोकरी मिळाली. हे गोरेगाव मुंबईचे नव्हे, खटाव तालुक्यातले. दुष्काळी लोकांना काम मिळावे म्हणून सरकार तिथे तलाव बांधत होते. १९०१ च्या उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मुलांना भेटीला बोलावले आणि पैसे पाठवले. मुलांनी नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे घेतले. मसूर स्टेशनावर उतरल्यावर घ्यायला कोणीच नव्हते, कारण नोकराने मुलांचे पत्र सुभेदारांना दिलेच नव्हते. जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकायची या बोलीवर एक मिळाला. रात्रभर तहानलेली मुले दुसऱ्या दिवशी पोचली. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे आणि तो आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचतो. बापाच्या बाजूने वाचून पाहा. तुटपुंज्या कमाईतून त्याने मुलांच्या हौसेसाठी पैसे पाठवले होते.

१९०४ च्या सुमारास घर मुंबईला आले, परळच्या डबक चाळीत. खोली एकच. तिच्यात चूल, भांडी, जळण, जाते, माणसे, शिवाय शेळी. भीमरावांना अभ्यासाला जागा अशी नव्हतीच. मग बापलेकांनी वेळ वाटून घेतली. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचे, बापाने रात्री दोनपर्यंत जागायचे, दोनला मुलाला उठवायचे आणि त्याच जागेवर आपण आडवे व्हायचे. ज्याने चाळीत मुले वाढवली आहेत त्याला यातला त्रास वेगळा सांगायला नको.

शिकवण्याची सवय तर हाडातच होती. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके त्यांनी मुलाकडून घोटून घेतली. स्वतः कबीरपंथी असल्यामुळे घरात रोज भजन-अभंग. महाभारत-रामायणही मुलांना वाचायला लावीत. भीमरावांनी कारण विचारले, तेव्हा आपल्या मुलांच्या मनात न्यूनगंड बसू नये म्हणून, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. मुलाला ते पटले नाही. त्याने वाद घातला आणि बापाने तो घालू दिला. घरात वाद घालू देणारा बाप मिळणे ही मोठीच गोष्ट आहे.

आता वहीतली खर्चाची बाजू. भीमरावांना पुस्तकांचे वेड, आणि पेन्शनीत पुस्तके बसत नसत. मग सुभेदार लग्न झालेल्या मुलीकडे जात. मंजुळा, तुळसा या दोघी मुंबईतच होत्या. एकीकडे पैसे उसने मिळाले तर ठीक, नाही तर दुसरीचा दागिना मागून मारवाड्याकडे गहाण ठेवीत. पेन्शन हातात पडली की दागिना सोडवून मुलीला परत. पुढचे पुस्तक आले की पुन्हा तोच फेरा. या मुलींच्या नावाने कुठे कमान नाही की वाचनालय नाही.

आणखी एक आकडा वहीत आहे. दोन मुलांना शिकवायची ऐपत नव्हती. आनंदराव मोठे, त्यांची शाळा सुटली आणि ते कामाला लागले. भीमराव शिकले. सुभेदारांनी हा निर्णय कसा घेतला असेल, त्या रात्री घरात काय बोलणे झाले असेल, कोण जाणे. आम्हाला यात सुभेदारांचा मोठेपणा सांगण्यापेक्षा आनंदरावांचा त्याग सांगावासा वाटतो. आपल्या वस्तीत अजूनही थोरला हमाली करतो आणि धाकटा कॉलेजात जातो. धाकट्याचा फोटो पेपरात येतो तेव्हा थोरल्याला कोणी बोलावत नाही.

एवढ्या साऱ्या ओढाताणीला टेकू होता तो दरमहा येणाऱ्या पेन्शनचा. म्हणून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि चार वर्षांची नोकरी, नंतर एकरकमी पैसे, पेन्शन नाही असे वाचले, तेव्हा आम्हाला १८९२ आठवले. चारांतला फार तर एक जण कायम होणार. बाकीचे तिघे पंचविशीच्या आतबाहेर घरी येतील. भरतीला पहाटे धावणाऱ्या पोरांना आम्ही थांबवणार नाही, पण त्यांच्या बापांनी हा हिशेब आधी मांडावा.

१९०७ ला भीमराव मॅट्रिक झाले. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे घर परळच्या बी.आय.टी. चाळीत गेले, दोन खोल्यांत, त्यातली एक अभ्यासाची. भीमराव बी.ए. झाले ते सुभेदारांनी पाहिले.

जानेवारी १९१३ मध्ये भीमरावांनी बडोद्याची नोकरी धरली. सुभेदारांच्या मनात ते फारसे नव्हते. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुलगा निघाला. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून खाली उतरला आणि तेवढ्यात गाडी सुटली. मुंबईला पोचायला दुसरा दिवस उजाडला. सुभेदारांचे डोळे त्याच वाटेकडे लागले होते. भेट झाली, आणि थोड्या वेळाने सारे संपले.

त्याच वर्षी बडोदा सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोचले. मागे घरात रमाई होत्या, काही महिन्यांचा यशवंत होता, आणि शाळा सोडून कामाला लागलेले आनंदराव होते.